अडतीस मिनिटांचा वाचक

परभणी, ९ मार्च २०२५

चि. त्रिवेणीस,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवर लांबलचक बोलणं पाठवू नकोस, बसून मेल लिही, म्हणजे टाइप करायचा सराव होईल, असं तू म्हणालीस. म्हणून बसले आहे. एका बोटानं चाललंय, तेव्हा चुका पोटात घाल.

बातमी मोठी आहे. तू काढून दिलेल्या 'परसातल्या गोष्टी' या ब्लॉगला आज तीन आठवडे झाले आणि आकडा दोनशे बारावर गेला. त्यातले एकसष्ट सिंगापूरचे आणि एकोणतीस अमेरिकेचे. जिंतूर तालुक्यातल्या शाळांतून मी जन्मभर पोरांकडून बाराखडी घोकून घेतली, जानेवारीत निवृत्त झाले, आणि आता माझ्या चिंचेच्या गोळ्या सिंगापुरात वाचतात म्हणजे काय. समोरच्या पद्मजाबाईंना मी सहज बोलले. त्यांनी ते महिला मंडळात सांगितलं. परवा मंडळानं शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. मी नको नको म्हणत होते, पण खांदा पुढे केलाच.

आता त्या आकड्यांच्या पानावर इतके रकाने आहेत की डोळे फिरतात. कोणता बघायचा ते कळव. मी दिवसातून चार-पाच वेळा ब्लॉग आणि ते पान, दोन्ही उघडून बघते.

तुझी,
शिवरंजनी मावशी


पुणे, ११ मार्च

मावशी,

कसं सांगू ते कळत नाही, म्हणून सरळच सांगते. सिंगापूर आणि अमेरिकेत कुणी माणूस वाचत नाहीये. यंत्रं असतात, इंटरनेटवर कुठे काय नवीन आलं ते चाळत फिरत असतात. त्यांची हजेरीसुद्धा मोजली जाते. आणि तू स्वतः रोज चार-पाच वेळा उघडतेस ना, ती तुझीही मोजली गेली. मी आता तुझी मोजणी बंद करून ठेवली आहे.

हे सगळं वजा केलं तर तीन आठवड्यांत खरी माणसं सात. त्यात एक मी.

नाराज होऊ नकोस. नव्या माणसाला सात म्हणजे वाईट नाही. किती वेळा उघडलं याच्यापेक्षा किती जणांनी उघडलं तो रकाना बघ, आणि त्याच्या शेजारी किती वेळ थांबले तो. तुझ्या गोष्टी वाचायला चार-पाच मिनिटं लागतात. पुण्याचे तिघं चार मिनिटं थांबले, म्हणजे खरंच वाचलं. नागपूरचं एक जण अडतीस मिनिटं दाखवतंय. ते सोडून दे, पान उघडून फोन तसाच ठेवला असेल.

आणि रोज बघू नकोस, रविवारी एकदाच बघ. रोज बघणाऱ्याचं लिहिणं थांबतं, हे मी पाहिलंय.

तुझी,
त्रिवेणी


परभणी, ६ एप्रिल

चि. त्रिवेणीस,

तुझ्या पत्रानंतर आठ दिवस मी गच्चीवर वाळवणं घालायलासुद्धा गेले नाही, कारण समोरच्या गच्चीवर पद्मजाबाई असतात. शाल कपाटात खालच्या कप्प्यात घातली. परत द्यावी तर कारण सांगावं लागेल. तुझ्या काकांना मात्र ऊत आलाय. "सिंगापूरकर, ताट वाढलंय," अशी हाक मारतात.

लिहिणं सोडणारच होते. सात माणसांसाठी कोण डोळे फोडून घेतं. पण दर रविवारी बघते तर ते नागपूरचं माणूस येतंच. पहाटे पावणेसहाला. मी गोष्ट टाकली की दुसऱ्या दिवशी हजर. एकदा बेचाळीस मिनिटं, एकदा पस्तीस. फोन उघडा टाकून जाणारं माणूस रोज त्याच वेळी कसं टाकून जाईल, तूच सांग. मला वाटतं ते कुणी निवृत्त प्राध्यापक असावेत. भाषेचे असतील. एकेक वाक्य थांबून, टिपणं काढत वाचत असतील. आता मी लिहायला बसले की तेच समोर दिसतात, धोतर, चष्मा वगैरे. त्यांच्यासाठी म्हणून मी शब्द निवडून लिहायला लागले आहे.

आणखी एक बरं आहे. गावांच्या यादीत वालूरचं नाव एकदाही आलं नाही. सासरचं कुणी वाचत नाही म्हटल्यावर सासरबद्दल लिहायला हात मोकळा झाला. मागच्या आठवड्यात भाऊजींच्या किराणा दुकानावर लिहिलं, ते बघ.

शिवरंजनी मावशी


पुणे, २१ एप्रिल

मावशी,

बघितलं, आणि दोनदा हसले. चन्नबसप्पा काका गूळ मोजताना गिऱ्हाइकाशी राजकारण बोलतात आणि तेवढ्यात पुडीतला एक खडा उचलून तोंडात टाकतात, ते अगदी डोळ्यांसमोर आलं. त्रेचाळीस माणसांनी वाचलं. चिंचेच्या गोळ्यांना सात होती.

आकड्यांचा उपयोग हाच. लोकांना काय आवडतं ते कळतं आणि आपल्याला पुढे लिहायला जोर येतो. लोकांना पदार्थ नको आहेत, माणसं हवी आहेत. अजून मोकळं लिही. नावं बदल म्हणजे झालं.

प्राध्यापकांना माझा नमस्कार. पण एका माणसासाठी लिहू नकोस, बाकीचे बेचाळीस बघ.

त्रिवेणी


परभणी, २५ जून

चि. त्रिवेणीस,

एक हजार नऊशे चाळीस. यंत्रं वजा करून. तुझ्या काकांनी स्वतः चष्मा लावून मोजले आणि तेव्हापासून सिंगापूर बंद झालंय.

'तानुबाईंची पोथी' तू वाचलीच असशील. तानुबाई म्हणजे माझी थोरली जाऊ, वालूरच्या कस्तुराक्का, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. श्रावणी सोमवारी अख्खी गल्ली अक्कांच्या घरी पोथी ऐकायला जमते. सासूबाई गेल्या तेव्हापासून तो मान अक्कांचा. मी लग्न होऊन गेले त्या पहिल्याच श्रावणात त्यांच्या मागे बसले होते. अध्याय संपला, बायकांनी हात जोडले, आणि माझ्या लक्षात आलं की अक्कांच्या हातातलं पान अजून अध्यायाच्या मध्यावरच आहे. त्यांना वाचता येत नाही. सगळं तोंडपाठ, पानं नुसती अंदाजानं उलटायची. चौतीस वर्षं मी हे कुणापुढे बोलले नाही. आता लिहिलं, तेही गमतीनं. 'तानुबाई पोथी डोळ्यांनी वाचत नसत, अंगठ्यानं वाचत' हे वाक्य लोक एकमेकांना पाठवतायत म्हणे. गावाचं नाव बदललं, माणसाचं बदललं. पोथी बांधायचं हिरव्या खणाचं बासन आणि त्याचा उदबत्तीनं जळलेला कोपरा तेवढा तसाच ठेवला, कारण तो तपशील सुरेख आहे.

आणि ऐक. प्राध्यापकांनी ती गोष्ट तीनदा वाचली. तीन पहाटे, एकाच पानावर. एवढा मान मला शाल-नारळातही मिळाला नव्हता. त्यांचा पत्ता कसा मिळेल? एक ओळ लिहावी म्हणते.

शिवरंजनी मावशी

ता. क. लिहिल्यावर दोन दिवस ते पान काढून टाकावं असं वाटत होतं. पण आकडा वाढला तसं थांबलं.


पुणे, २८ जून

मावशी,

अभिनंदन. एवढी पसरली कशी कोण जाणे, चांगलं लिहिलं की पसरतं.

पत्ता मिळत नसतो. आणि नागपूर म्हणजे नागपूरच असेल असंही नाही. मोबाइलवरून वाचलं की कंपनीचं जाळं जिथून बाहेर पडतं तिथलं नाव येतं. मी इथे पुण्यात वाचते तर कधी कधी मुंबई दिसते. लहान गावांची नावं तर येतच नाहीत. तेव्हा तुझे प्राध्यापक कुठलेही असू शकतात. शोधायला जाऊ नकोस, लिहीत राहा.

कामाची घाई आहे, थांबते.

त्रिवेणी


परभणी, २९ जुलै

त्रिवेणी,

काल पहिला श्रावणी सोमवार. दरवर्षीसारखी वालूरला गेले. सेलूपर्यंत बस, पुढे जीप. जाताना सोबत अक्कांना आवडतो म्हणून खवा घेतला होता.

ओसरीवर पाच-सहाच बायका होत्या. एरवी दारात चपला ठेवायला जागा नसते. अक्का आल्या, माझ्या हातातला खवा घेतला, "कधी निघालीस" म्हणाल्या, आणि शेजारच्या राजेश्रीच्या मांडीवर पोथी ठेवली. "आता तुमी वाचा. माझ्या डोळ्याला दिसायलं न्हाई," असं म्हणून भिंतीला टेकून बसल्या. राजेश्री माझ्याकडे बघत नव्हती. एकही बाई बघत नव्हती. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी मोतीबिंदूचा विचार करत होते.

पाणी प्यायला आत गेले. देवघरात, जिथे अक्का पहाटे लिंगपूजेला बसतात, तिथे विभूतीच्या डबीशेजारी त्यांचा मोबाइल. त्यांच्या मुलानं, मंगेशनं, मागच्या दिवाळीत नातवाला बघता यावं म्हणून दिलेला. बोट लागलं आणि उजेड आला. माझं पान होतं, त्रिवेणी. पोथीचंच. अक्षरं बोटांनी ताणून इतकी मोठी केलेली की पडद्यावर एका वेळी तीनच शब्द मावत होते.

अक्का रोज पावणेसहाला पूजेवरून उठतात. चौतीस वर्षं मला ते माहीत आहे.

मी पाणी न पिता बाहेर आले. पूर्ण अध्याय बसले. काय वाचलं गेलं ते मला ऐकू आलं नाही. जीपमध्ये खिडकीकडे तोंड करून आले.

मी मास्तरीण आहे. पहिलीतलं पोर जोडाक्षरापाशी अडलं की त्याचं बोट धरून पुढे नेणारी मी. एक ओळ वाचायला एवढा वेळ कुणाला लागतो, हे ओळखायला मला प्राध्यापक कशाला सुचला? कारण मला तो हवा होता.

वालूरमध्ये हे कसं पोचलं, तेवढं शोधता येत असेल तर सांग.

शिवरंजनी


पुणे, १ ऑगस्ट

मावशी,

शोधायची गरज नाही. मी पोचवलं. २० जूनला तुझी गोष्ट आपल्या समाजाच्या परभणीच्या ग्रुपवर मीच टाकली. तुझा आकडा वाढावा, तुला जोर यावा म्हणून. 'ओळखा पाहू कोण' असं वरती लिहिलं होतं. दोन तासांत कुणीतरी ओळखलं आणि मी ते वाचून हसण्याचं चित्र टाकलं. मागच्या पत्रात तू विचारलं नव्हतंस तरी मी लपवलं.

'मोकळं लिही' हेही मीच म्हणाले, आणि 'एका माणसासाठी लिहू नकोस' हेही. मला माझीच लाज वाटते. आकड्यांतलं मला कळतं असं मी तुला दाखवत होते.

ते पान काढून टाक. कसं काढायचं ते खाली लिहून देते. आणि अक्कांना भेट. मी येऊ का सोबत?

त्रिवेणी


वालूर, ६ ऑगस्ट

शिवरंजनीस आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. लय मोठाल्या अक्षरात लिवलीस. आता एवढं मोठं लागत न्हाई.

मी दुसरीतून शाळा सोडले. अक्षरं वळखीची हुती, जोडता येत न्हवती. पोथी मला सासूबाईच्या तोंडून आली, कानानं पाठ झाली. पानं त्या उलटायच्या म्हणून मीबी उलटले. कुणाला फसवायलाव असं कधी वाटलं न्हाई मला.

तू लिवायलीस, आपल्या घरचं हाय, असं मंगेश म्हणला. वाचून दाखव म्हणायची लाज वाटली. पूजा झाली की बसू लागले. पहिल्या पानाला तीन दिवस लागले. चिंचेच्या गोळ्याचं हुतं. गोळ्या म्हणून शबुद लागला तवा लय हरीक झाला, एकटीच हसले. मग सवं लागली. तू कवा टाकतीस वाट बघायची.

पोथीचं पान आलं तवर मला बरं वाचता यायलं हुतं. तानुबाई म्हंजी मी, हे दुसऱ्या वळीला कळलं. तीनदा वाचले. वाटलं, मलाच नीट वाचता येत नसंल.

तू मास्तरीण. चौतीस वर्सं माझ्या हातचं जेवलीस. तुला माझा अंगठा दिसत हुता. एक दिवस म्हणायचं हुतं, अक्का, बसा माझ्यापाशी.

ते पान काढू नको. चौथ्या सोमवारी ये.

कस्तुराबाई


परभणी, ३१ ऑगस्ट

चि. त्रिवेणीस,

तू तीनदा फोन केलास, मी उचलला नाही. तोंडानं सांगता आलं नसतं. आता लिहिते.

अक्कांचं ते पत्र मी दोन दिवस पदरात घेऊन फिरले. यांनी वाचायला मागितलं, दिलं नाही. एकदा लाल पेन हातात घेतला गेला, त्रिवेणी. इतक्या वर्षांची सवय. कुणी बघितलं नाही, तरी मी तो पेन कचऱ्यात टाकला.

१८ तारखेला वालूरला गेले. ओसरी गच्च भरली होती. अक्कांनी बोलावणं धाडलं होतं घरोघर. मी दारापाशी बसत होते, त्यांनी पुढे बोलावून समोर बसवलं. पोथी पाटावर बासनातच होती. अक्कांनी चष्मा लावला, मोबाइल घेतला, आणि 'तानुबाईंची पोथी' मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

बोट ठेवून, एकेक शब्द. माझी सगळी कारागिरी त्यांच्या तोंडून येत होती, आणि सावकाश वाचल्यावर तिच्यात गंमत कुठेच नव्हती. अंगठ्याच्या वाक्याला मागून कुणीतरी फिसकन हसलं, अक्का वाचत राहिल्या. पुढे एका ठिकाणी त्या अडल्या. मी स्वतःबद्दल लिहिलं होतं, 'घरातली एकमेव सुशिक्षित सून'. त्या 'सुशिक्षित'पाशी अडल्या. बोट मागे नेलं, पुन्हा आणलं. मला सवयीनं शब्द सुचवावासा वाटला, तोंड उघडलं. अक्कांनी वर न बघता हात दाखवून मला थांबवलं. तो शब्द त्यांनीच जुळवला. मी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही. भिंतीवरचं घड्याळ मात्र दिसत होतं. एकतीस मिनिटं.

वाचून झाल्यावर अक्कांनी मोबाइल खाली ठेवला. अक्का म्हणाल्या, "हे माझ्या जावंनं लिवलेलं. खरं हाय. आता पोथी ऐका." बासन सोडलं आणि अध्याय वाचला. पाठ म्हटला नाही, वाचला. एरवी पाऊण तासात होतो, त्याला दोन तास लागले. बायका बसून राहिल्या. अध्याय संपला तेव्हा पान नेमकं तिथेच होतं. मी बघितलं. अक्कांनी मला बघताना बघितलं.

जेवायला वाढलं. मी पाया पडले आणि "चुकलं, अक्का" म्हणाले. "भात घे अजून," एवढंच म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही, विचारायचा हक्क कोणत्या तोंडानं सांगू.

घरी येऊन आठवडाभर कागदच पुढे घेतला नाही. मग गेल्या मंगळवारी नवीन पान टाकलं. मी न शिकवलेल्या एका बाईबद्दल. त्यात कुणाचं नाव बदललं नाही, अक्कांना फोनवर वाचून दाखवू का विचारलं तर म्हणाल्या, "टाक, बघीन." पद्मजाबाईंची शालसुद्धा त्यात आली, काल त्यांना नेऊन परत दिली. माणसं आली चव्वेचाळीस. मला त्यांचं काही वाटलं नाही. मी फक्त पहाटेची ओळ बघत होते. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. रविवारी एकदाच बघायचा तुझा नियम मी मोडला, रोज बघितलं.

काल आली. नागपूर, पावणेसहा, चार मिनिटं.

चार मिनिटांत अक्कांनी पूर्ण वाचलं, इतका वेग आला, की दोन ओळी वाचून फोन खाली ठेवला, हे त्या रकान्यात लिहिलेलं नाही. तुला विचारणार होते, तुला कळलं असतं असं वाटलं. पण तुलाही कळणार नाही, ते फक्त अक्कांनाच माहीत आहे. उद्या सोमवार आहे, श्रावण संपला तरी. सकाळच्या सेलूच्या बसनं मी वालूरला जायलेय, त्यांनाच विचारायला.

तुझी,
शिवरंजनी मावशी